गुडघा कुणाचा?

चिंतोपंतांच्या घरी कुणी गेलं, की ते आधी पाहुण्याचं तोंड बघत नसत, गुडघा बघत. खुंटीवरची सुतळी काढायची, तिचं टोक पाहुण्याच्या टाचेशी दाबून धरायचं आणि गुडघ्यापाशी गाठ मारायची. मग म्हणायचं, "बसा. काय काम काढलंत?" अख्ख्या कसबा पेठेत गुडघ्यांची इतकी माहिती कुणा वैद्यालाही नसेल.

आमच्या दफ्तरात ते कारकून होते. पत्रं पोचवणाऱ्या जासुदांना कुठल्या वाटेनं धाडायचं, मुक्काम कुठे, ओढे किती, हे ते ठरवत. मी शेजारच्या बैठकीवर कागदांच्या नकला करायचो. कोकणात उतरणारी एकूण एक वाट या माणसाला तोंडपाठ, पण स्वतः कधी पर्वतीच्या दर्शनालाही गेला नाही. का, तर मध्ये आंबील ओढा लागतो. त्या ओढ्यात एरवी म्हशीसुद्धा भिजायला कंटाळतात.

जासूद परत येऊन सांगायचा, अमुक ओढ्याला गुडघाभर पाणी आहे. चिंतोपंत लेखणी खाली ठेवायचे. "गुडघा कुणाचा?"

जासूद म्हणजे सगळे ताडमाड गडी, त्यांचा गुडघा म्हणजे माझी मांडी. त्यामुळे सुतळीवर प्रत्येकाच्या नावाची गाठ असे आणि कागदावर 'अमक्याच्या गुडघ्याइतकं' असं लिहिलं जाई. दफ्तरात याची भरपूर टिंगल चाले. त्यात पुढे मीच होतो, हे कबूल करतो. एकदा मी सुतळीवरच्या सगळ्यात खालच्या गाठीला बोट लावून विचारलं, ही कुणाची, मांजराची? लाल दोऱ्यानं बांधलेली, रंग उडालेली गाठ होती. "ती अंदाजानं आहे," एवढंच म्हणाले आणि सुतळी गुंडाळून ठेवली.

पुढे माझ्यावरच वेळ आली. मी मोहिमेबरोबर कारकून म्हणून गेलो होतो, तेव्हा आईनं नवस बोलला होता. पोरगा धड परत आला, तर राजगडची पद्मावती आणि तोरण्याची मेंगाई पायी करीन. त्यातही गेल्या वाटेनं परत यायचं नाही, फेरी पुरी करायची. मी धड आलो. आईची साठी उलटलेली, उंची देवघरातल्या समईहून जेमतेम जास्त. डोली करू म्हटलं, तर म्हणाली, "डोलीतून जायला मी काय नवरी आहे?" आश्विन लागला होता, पण पाऊस काही जायचं नाव घेईना. निमूटपणे चिंतोपंतांकडे गेलो.

त्यांनी ओसरीवर सुतळीचा मोठा फेरा मांडला. सिंहगडाच्या बगलेनं गुंजण मावळ, राजगड, तोरणा, मग कानंद खोऱ्यातून फिरून पुन्हा पुणं. सात दिवस. मुक्कामाला सुपारी ठेवली, ओढ्याला तांदळाचा दाणा. मग माझं गाठोडं सोडून त्यांनी निम्मं सामान काढून टाकलं. दुसरा तांब्या कशाला? दुसरं पागोटं कुणाला दाखवणार? उरलेलं पाठीवर घेऊन तीन दिवस पेठेतून फिरायला लावलं. लोक विचारायचे, घर सोडताय का. आई मात्र रोज पर्वती चढून यायची आणि वर मलाच विचारायची, दमलास का रे.

ओढ्याचे नियम त्यांनी माझ्याकडून घोकून घेतले. ओढा सकाळीच ओलांडायचा. "दुपारनंतर ओढ्याचा भरवसा नाही, सदोबा." गाठोड्याची गाठ एका ओढीत सुटेल अशीच मारायची. गाठोडं गेलं तर जाऊ दे, माणूस राहिलं पाहिजे. शेवटी आईच्या गुडघ्याचं माप घ्यायची वेळ आली. चिंतोपंतांनी एक काठी दाराआड सरकवली आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आईनं स्वतःच विळीनं काठीवर खूण केली. "काकू, या खुणेवर पाणी आलं तर देवीनं हाक मारली तरी थांबायचं," ते भिंतीला म्हणाले.

दोन्ही देव्या झाल्या. आई नवसातून मोकळी झाली आणि मला घराची ओढ लागली. सहाव्या दिवशी दुपार टळताना कानंद खोऱ्यातल्या एका ओढ्याशी आलो. पलीकडे मुक्कामाचं गाव दिसत होतं, चुलींचा धूर दिसत होता. काठावरचा एक गुराखी म्हणाला, "गुडघाभर हाय पानी, चला की." मी आईचा हात धरला. एक पाय पाण्यात टाकलासुद्धा.

आई जागची हलली नाही. तिनं त्या गुराख्याला नीट खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "गुडघा कुणाचा रे, बाबा?"

मी चिडलो. तरी काठी पाण्यात घातली. खूण बुडाली, वर आणखी वीतभर पाणी आलं. गुराख्याच्याच खोपट्यात हात-पाय आखडून बसलो. घटकाभरानं वर डोंगरात पाऊस कोसळला असावा. ओढा असा काही आला, की मी पाय टाकला होता ती जागा कुठे होती हेही कळेना. एक अख्खं उंबराचं झाड समोरून वाहत गेलं. आई जप करत होती. मी नुसता तिच्याकडे बघत बसलो. सकाळी पाणी खुणेच्या खाली गेलं, तेव्हा तिला पार केलं.

पुण्याला एक दिवस उशिरा पोचलो. आंबील ओढ्याच्या पलीकडच्या काठावर चिंतोपंत उभे. आदल्या दिवशी सकाळपासून तिथेच होते म्हणे. दफ्तरात कधी न चुकणारा माणूस! आम्हांला बघितलं आणि जोड्यांसकट पाण्यात उतरले. पाणी घोट्याएवढं, पण एकेक पाऊल तपासून टाकत होते. मधोमध येऊन त्यांनी आईचा हात धरला आणि तिला काठावर नेलं.

आईनं ओढ्यावरची सगळी हकीकत त्यांना सांगितली. ते खाली बसले. कमरेची सुतळी काढून ती लाल गाठ चाचपत राहिले.

"बायको माहेरी गेली होती, मावळात," ते म्हणाले. "मी पत्र धाडलं, ओढ्याला गुडघाभरच पाणी आहे, खुशाल पाठवा. जासुदानं सांगितलं तेच लिहिलं. सहा वर्षांचा संसार, काकू. पण ती माझ्यासमोर कधी धड उभी राहिली नाही, मीही कधी पाहिलं नाही. गाठ बांधायला बसलो तेव्हा कळलं, तिचा गुडघा कुठवर येतो ते मला ठाऊक नाही."

मांजराची गाठ म्हणालो होतो मी. आजही ते आठवलं की मान खाली जाते.

आई त्यानंतर बारा वर्षं जगली, माझी मुलं तिच्या मांडीवर वाढली. हे सगळं चिंतोपंतांचं देणं आहे, आणि ते मी त्यांना कधी नीट बोलून दाखवलं नाही, म्हणून आज लिहितो आहे. त्या दिवशी काठावर आईनंच ती लाल गाठ हातात घेऊन पाहिली.

"लहानखुरी होती," ती म्हणाली. "चला, आधी जेवून घ्या. कालपासून उपाशी असाल."