तलावी गनीम शिरला आणि दरबार आडवा जाहला, त्याची हकीकत

श्रीवरुणाचे पायी मस्तक ठेवून, पोट ठिकाणी असता, लिहिणाराने लिहिले ऐसे जे : शके १९४४ शुभकृत् नाम संवत्सरे, वैशाख मासी ऊन बहुत तापले. राज्यात रयतेचा तरणतलाव एकच, आणि त्याचे दारी राखणीस गोदूबाई गायतोंडे नेमिली होती. मग अष्टमीस महाराज राणीसाहेब व सरदारांसह तलावी दाखल जाहले, आणि पाण्यात उतरोन तोंडाने कारंजी उडवू लागले, आणि महाराजांनी उडविली म्हणोन सरदारांनीही उडविली, आणि निम्मे पाणी सर्वांचे पोटी गेले. मग आठवे दिवशी अनर्थ गुदरला. दिवाण मसलतीस बसले ते उठोन धावले, आणि सेनापती घोड्यावर चढले ते चढले तैसेच उतरले, आणि शौचकूपापुढे मानकऱ्यांची रांग लागली, आणि रांगेत हुद्दा कोणी पुसेना. मग राजवैद्य शिवदे यांनी नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहोन अर्ज केला, “क्रिप्टो नामे जंतू आहे. अंगी जाड कवच, क्लोरीन टाकिले तरी कैक दिवस मरत नाही. कोणी जुलाब होत असता पाण्यात उतरला, त्याजबरोबर आला.”

महाराज कोपले आणि गोदूबाईस पाचारण करोन बोलिले, “तलाव तुझे हवाली होता. ऐसा माणूस आत सोडिलास कैसा? जाब दे, नाही तर राज्याबाहेर चालती हो.” बाई बोलिली, “महाराज, मी दारात प्रत्येकास पोट कैसे आहे म्हणोन पुसते. आपणांसही पुसिले. आपण म्हणालात, बाजूस हो.”

महाराज हळूच म्हणाले, “किंचित ढिले होते खरे.”

“सकाळपासोन पाच वेळां गेला होता,” राणीसाहेब बोलिल्या.

मग महाराज बहुत शरमले, आणि अंगावरील शालजोडी बाईस दिली, आणि तलाव उपसोन, घासोन, गाळणयंत्रे धुवोन नवे पाणी भरविले, आणि जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे कोणी उतरू नये, स्वतः आम्हीही नाही, ऐसा हुकूम जाहला.

एवंच, गनीम परमुलुखाचा नव्हे, महाराजांनीच पोटी वाहोन आणिला. कबूल केले हा त्यांचा मोठेपणा, आणि करविले हा बाईचा. या रणी माणूस एकही पडले नाही. धोतरे मात्र बहुत कामास आली.