खडकावरचे आबा

एका जंगलात, बाळांनो, एक कासव राहत होतं. वय किती, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. सगळे त्याला आबा म्हणत. वाटेत आडवे आले की "आबा, सरका बघू" म्हणत, आणि अडलं की "आबा, आता कसं करायचं?" म्हणून त्यांनाच विचारत.

एकदा साळुंकी परतली. चार वर्षं इंग्रजी शाळेच्या वळचणीला राहून आली होती. आबांना कुणीतरी म्हातारं म्हणालं, तशी तिने चोच मुरडली.

"म्हातारं काय म्हणता गावंढळासारखं! एन्शंट म्हणावं."

"म्हणजे काय गं?" माकडाने विचारलं.

"फार फार जुनं. पडके किल्ले, लेणी, दगडी मूर्ती, हे सगळं एन्शंट."

"पण मी तर चालतो, बाई," आबा हळूच म्हणाले.

"चालू नका आता. शोभत नाही."

आपल्या जंगलात एन्शंट! सगळ्यांची छाती फुगली. त्यांनी आबांना उंच खडकावर नेऊन ठेवलं. खाली काट्यांचं कुंपण घातलं. रोज फुलं येऊ लागली. हरणी पाडसांना लांबून दाखवू लागल्या. "सरका" म्हणणारं मात्र कुणी उरलं नाही.

उन्हाळ्यात तळं आटलं. पाडसं धापा टाकू लागली. आबा वरून ओरडले, "अरे, उंबराखाली उकरा! मागल्या दुष्काळात तिथेच पाणी लागलं होतं!"

"वा! काय भारदस्त आवाज!" माकडाने टाळ्या वाजवल्या.

"पण म्हणाले काय?" हरणीने विचारलं.

"एन्शंटचं ऐकायचं नसतं, नुसतं बघायचं असतं," साळुंकी म्हणाली.

आबांनी मान आत घेतली आणि कडेवरून स्वतःला लोटून दिलं. काट्यांतून गडगडत गेले. पाठीला तडा गेला. तसेच सरपटत उंबराखाली पोचले आणि उकरू लागले. दुसऱ्या दिवशी ओल लागली. तिसऱ्या दिवशी पाणी.

वासाने सगळे धावत आले. झऱ्यापाशी चिखलाने माखलेलं, तडकलेलं कासव बसलं होतं.

"हे आपलं एन्शंट तर नव्हे?" हरणी म्हणाली.

साळुंकीने निरखून पाहिलं. "छे! ते असं घाणेरडं नव्हतं. हे कुठलंसं म्हातारं आहे."

"ए म्हाताऱ्या, सरक की!" माकड खेकसलं.

आबा सरकले. किती दिवसांनी कुणी त्यांच्याशी बोललं होतं! त्यांचे डोळे भरून आले.

त्या रिकाम्या खडकावर आजही रोज फुलं पडतात.

तात्पर्य: वडीलधाऱ्यांना नेहमी उंच जागी बसवावं. तिथलं बोलणं खाली ऐकू येत नाही, आणि पाणी आपोआप लागलं असं म्हणायला आपण मोकळे राहतो.