किसनभाऊजी आणि डोमकळी

माझ्या मुलीच्या लग्नात, ऐन हार घालायच्या वेळी, किसनभाऊजींनी नवरदेवाच्या शेरवानीवरचा गुलाब काढला आणि पाकळी पाकळी उलगडून आत बघितलं. "साफ हाय. घाला आता हार!" विहीणबाई माझ्याकडं बघायला लागल्या. मी म्हटलं, "आमच्या करमाडचे फुलांचे डॉक्टर हायत." दुसरं काय सांगणार?

किसनभाऊजी आमचे बांधाचे शेजारी. कपाशीचं फूल न उमलता गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहिलं, की ती डोमकळी. आत गुलाबी बोंडअळी बसलेली असते. ती पुढं बोंडात शिरली की बोंड वरून हिरवंगार दिसतं, अन् फुटल्यावर हातात नुसती कवडी, म्हणजे किडका डागी कापूस, येते. म्हणून डोमकळी दिसली की तोडायची. भाऊजींना त्याचा नादच लागलेला. पानाचा विडा दिला तरी उलगडून बघणार. मिटलेली छत्री झटकणार. का विचारलं की एकच बोल, "मिटलंय म्हणजे आत कोणीतरी हाय!"

लई हसायचे मी.

गेल्या साली कपाशी फुलावर आली अन् आमचे हे गेले. मुलगी दिवस करून सासरी परतली, मी दार लावून घेतलं. रानात डोमकळ्या झाल्या असणार, कळत होतं, पण उठवतच नव्हतं. भाऊजी रोज सकाळी येऊन कडी वाजवायचे. शेवटी मी आतूनच ओरडले, "घरात कोणी नाय!"

"मिटलंय म्हणजे आत कोणीतरी हाय," बाहेरून आवाज आला. "चला वैनी, पिशवी घ्या. अळी काय सुतक पाळत नाय."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू फुटलं मला. मग रोज सकाळी आधी माझं रान, नंतर त्यांचं. तोडलेल्या डोमकळ्या बांधावर जाळायच्या अन् चहा प्यायचा. कापूस पांढराशुभ्र निघाला. तो वाचला भाऊजींमुळं, अन् मी पण.

वेचणी झाल्यावर पुरणपोळीचा डबा घेऊन त्यांच्याकडं गेले. दार सताड उघडं. त्यांची मंडळी जाऊन लई वर्षं झाली, तेव्हापासून ते दार लागलेलं मी बघितलंच नव्हतं.

"कुत्रं शिरंल की भाऊजी! दार का लावत नाय?"

"आत कोण हाय वैनी? मिटायचं कशाला?"

डबा त्यांच्या हातात दिला अन् निघताना दार ओढून घेतलं.

"अहो, हे कशाला?" आतून आवाज आला.

"आत कोणीतरी हाय म्हणून," मी म्हटलं. "पोळ्या गरम हायत, खाऊन घ्या."