येसूवहिनींचे काळे केस

आमच्या आळीत चाळिशी ओलांडलेली प्रत्येक बाई पांढरे केस लपवायच्या खटपटीत असे. येसूवहिनी मात्र आरशासमोर बसून एखादा तरी पांढरा केस सापडतो का ते बघायच्या आणि नाही सापडला की चक्क रडायच्या. असली बाई साऱ्या संगमनेरात दुसरी नव्हती.

केस कसले, काळं रान होतं ते! मुठीत न मावणारा शेपटा. दुसरी एखादी मिरवली असती. या बाईने आधी तेल सोडलं. मग शिकेकाई बंद करून धुण्याच्या सोड्याने न्हायला लागल्या. वर लिंबू चोळून भर दुपारी गच्चीवर उन्हात बसायच्या. साल दुष्काळाचं, नळाला दिवसाआड पाणी, आणि या डोक्यावर घागरी ओतताहेत. आळीने तोंडसुख घेतलं नसतं तरच नवल. खाली उतरल्या की माझ्याकडे पाठ करून विचारायच्या, "मास्तरीणबाई, बघा बरं, उजाडलं का?"

"कसलं उजाडतंय! मध्यरात्रच आहे अजून."

"मरू द्या. उद्या बगू."

शेवटी त्यांनी दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून जखमा धुवायचं, फेस येणारं औषध मिळवलं आणि डोक्याला चोपडलं. केस पांढरे व्हायचे ते झाले तांबडे, मक्याच्या कणसाला असतात तसे. बायका पदरात तोंड घालून हसल्या. एकीने 'मडम' नाव ठेवलं. येसूवहिनी खूश! "काळं तर गेलं न्हवं? पांढरं काय, येईल मागनं."

हे खूळ कुठून आलं ते मला ठाऊक होतं. वहिनी तिसगावकडच्या, गरिबाघरच्या. कोवळ्या वयात नानांना दिलेल्या. नाना कचेरीतले कारकून, बिजवर, तेव्हा वयाने दुपटीहून मोठे. आता ते निवृत्त झालेले, दात पडलेले, पाठीत वाकलेले. आदल्या श्रावणात त्यांच्याकडे सत्यनारायण होता. नेहमीचे भटजी आजारी म्हणून नवे आले. पाटावर बसलेल्या दोघांकडे बघून ते म्हणाले, "बाई, वडिलांना भिंतीला टेकून बसू द्या. तुमच्या मालकांना बोलवा."

कुणीतरी फिसकन हसलं. नाना उठले ते मागच्या दारी जाऊन बसले. भटजींनी हात जोडले, आम्ही विनवलं. पण पूजा झाली नाही ती नाहीच. त्या दिवसापासून नाना बायकोबरोबर बाजारात जाईनात की कुणाच्या लग्नाला. "तू हो पुढे. लोकांना हसायला निमित्त कशाला?"

"त्यांचं वय मला कमी करता येत न्हाई," वहिनी मला म्हणाल्या होत्या, "माझं तरी वाढवून बगते. यंदा पूजेला जोडीनं बसायचं हाय."

मला त्या नानांचा असा संताप आला! चूक भटजींची, अपमान नानांचा आणि डोकं जाळून घ्यायचं हिने.

श्रावण आला. पूजेच्या दिवशी प्रसादाचा शिरा भाजायला मी त्यांच्या स्वयंपाकघरात होते. वहिनींनी लग्नातला शालू नेसला, तांबड्या केसांचा अंबाडा घातला, वर गजरा माळला आणि बाहेर गेल्या. नाना पाटावर बसलेले. त्यांनी वर पाहिलं.

"ही शोभा घेऊन माझ्या शेजारी बसू नकोस. आधी लेक म्हणाले, आता तमाशातली म्हणतील."

हळूच म्हणाले, पण सगळ्यांनी ऐकलं. यंदा नेहमीचे भटजी होते, ते चुळबुळले. "यजमान, जोडीनेच बसायला हवं."

"तिला नाही जमत. मी कनवटीला सुपारी लावतो."

बायको वारली असेल, परगावी असेल, तर तिच्या जागी पुरुष धोतराच्या कनवटीला सुपारी खोचतो आणि पूजा करतो. इथे बायको शालू नेसून समोर उभी होती. भटजींनी तबकातल्या सुपाऱ्या चाचपल्या. "एक जास्तीची लागेल," ते खालमानेने म्हणाले.

वहिनी आत आल्या. फळीवरचा डबा काढला आणि एकेक सुपारी उजेडाकडे धरून फिरवून बघू लागल्या. मला ते बघवेना.

"द्या हो कुठली पण," मी म्हणाले.

"कुठली बी कशी?" त्या म्हणाल्या. "पूजाभर त्यांच्या कमरंला ऱ्हायची हाय. किडकी न्हाई चालायची."

मग एक चांगली जड सुपारी त्यांनी पदराने पुसली आणि बाहेर नेऊन दिली.