कधीचं उत्तर आहे हे?

कँटीनमधले वडे संपले असं तांडेल मॅडमना सांगितलं, तर त्या तीन प्रश्न विचारतात. "कुणाला विचारलंस? त्याला कुणी सांगितलं? आणि कधीचं उत्तर आहे हे?" एकदा मी गडबडून परत खाली गेलो, तर नवा घाणा निघत होता. वडे घेऊन वर आलो. "बघ, उत्तर खरं होतं, पण शिळं होतं," मॅडम म्हणाल्या.

मॅडम अंधेरीतल्या आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबच्या प्रमुख. जन्म कोळीवाड्यातला. आवाज मासळीबाजारात बसणाऱ्या आईकडून आला, असं त्या स्वतःच सांगतात. लॅबमध्ये "नेट गेलं" म्हणायला बंदी. "नेट काय पाहुणा आहे, जायला? नीट सांग ना, काय उघडत नाही?"

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. कुणी प्रश्न विचारला की मला आधी आपलीच चूक वाटते. म्हणून बरेच दिवस मी मॅडमना टाळायचो.

पण शेवटच्या वर्षी बाहेरचे परीक्षक आले आणि नेमका माझाच प्रोजेक्ट उघडेना. तो कॉलेजच्या नव्या सर्व्हरवर होता.

"दिसत नाही, त्याला मार्क कसे देऊ?" परीक्षक म्हणाले. वाट लागली होती.

मॅडम आल्या. "वेबसाइटचं नाव राहू दे. सर्व्हरचा नंबर टाक."

टाकला. प्रोजेक्ट उघडला. मी हसलो.

"हसू नकोस रे. सर्व्हर जिवंत आहे, मग नाव कुठे नेतंय? ह्या कॉम्प्युटरने कुणाला विचारलं?"

नावावरून पत्ता, म्हणजे तो नंबर, सांगायचं काम डीएनएसचं. मॅडमनी त्याला विचारून पाहिलं, तर उत्तर बरोबर, नव्या सर्व्हरचं. पण परीक्षकांसमोरच्या कॉम्प्युटरने कुणाला विचारलंच नव्हतं. आठवणीतला पत्ता धरून तो जुन्या सर्व्हरचं दार वाजवत होता. मॅडमनी एक कमांड देऊन त्याची आठवण पुसली. नावाने प्रोजेक्ट उघडला.

मग आवाज चढला. "जुना सर्व्हर कुणी बंद केला? आलेल्याला नव्याकडे पाठवायला ठेवला होता ना मी!"

"नवा आला ना मॅडम," ऑफिसातले सर म्हणाले. "हा उगाच वीज खातो."

"नवा आला म्हणून जुन्याचं दार लगेच लावायचं? ज्यांना अजून तोच पत्ता आठवतो, त्यांनी कुठे जायचं?"

सर्व्हरसाठी कुणी इतकं चिडतं, ह्याचं मला नवल वाटलं.

पास झाल्यावर पेढे घेऊन गेलो, तेव्हा त्या फोनवर होत्या. "आले का? बसव ओट्यावर. चहा दे, साखर कमी." मग मला म्हणाल्या, "चल, वाटेत दे पेढे."

वाटेत कळलं. कोळीवाड्यातलं घर चुलतभावाला देऊन त्या वडिलांसह रस्त्यापलीकडच्या बिल्डिंगमध्ये गेल्या होत्या. वडिलांना हल्ली आठवत नाही. संध्याकाळ झाली की चालत जुन्या घरी जातात.

"सांगत नाही तुम्ही त्यांना?"

"रोज सांगते. त्यांच्यासाठी कमांड नाही रे. म्हणून भावाला म्हटलं, घर घे, पण ओट्यावरचं बाकडं हलवू नकोस."

बाकड्यावर आजोबा बशीतून चहा पीत होते.

"काय बाबा, कुणाला विचारून आलात?"

"कुनाला कशाला विचारू? माजं घर माना ठाव नाय?"

मी मॅडमच्या पुढच्या प्रश्नाची वाट पाहिली. तो आला नाही. त्यांनी पेढ्याचा अर्धा तुकडा वडिलांच्या हातावर ठेवला, चपला काढल्या, आणि आपल्याच घरी आल्यासारख्या पाय वर घेऊन शेजारी बसल्या.