चुप जागा

दिगंबरअण्णांना कधी पत्ता विचारू नये. पुण्याहून नोकरीसाठी इकडे आलेल्या माझ्या साडूने एकदा विचारला. काचीगुडा स्टेशनाहून जामबागला कसं जायचं, एवढंच. अण्णा म्हणाले, "सीधं जा. पहिली चुप जागा सोडा. दुसऱ्या चुप जागेला डावीकडे वळा. तिसरी लागली तर तुम्ही पुढं गेलात, वापस या." साडू आयटीत आहे. त्याने फोनवर नकाशा उघडून 'चुप जागा' शोधून पाहिली आणि नेटवर्कला नावं ठेवली.

चुप जागा म्हणजे जिथून बारात जाताना बँडने वाजवणं थांबवायचं ती जागा. दवाखाना, मशीद, देऊळ, परीक्षा चालू असलेलं कॉलेज, नुकतंच कुणी गेलेलं घर. बँडवाल्यांचा हा जुना रिवाज आहे आणि अण्णा तो धर्मासारखा पाळतात. ते आमच्या वरच्या मजल्यावर राहतात आणि तरुणपणापासून लग्नाच्या बँडमध्ये आहेत. त्यांच्या घराण्यात वकील झाले, मास्तर झाले, एक जण तहसीलदारही झाला. अण्णांनी पोटाशी धरून फुंकायचा मोठा पितळी बाजा पत्करला. त्यांचा झालरीचा लाल कोट गॅलरीत वाळत असला की चुलतभाऊ जिना न चढताच परत जातात.

सख्ख्या पुतण्याच्या लग्नातही ते बँडमध्येच होते. बारात पोचवली आणि बँडवाल्यांच्या पंगतीत जेवायला बसले. आग्रह करायला आलेल्या भावजयीने चेहऱ्याकडे न बघताच "घ्या हो बाजेवाले, लाजू नका" म्हणत त्यांना जिलबी वाढली. अण्णांनी ती घेतली. वर आम्हाला सांगितलं, "घरच्या पंगतीला एकच मिळत होती. इथं दोन मिळाल्या."

आता त्यांच्या वाजवण्याविषयी. चाल वाजवायची ती क्लॅरिनेटवाल्यांनी. अण्णांचा बाजा तिच्या खाली नुसता भों, भों-भों करतो. तो वाजतोय हे कुणाच्या लक्षात येत नाही, बंद पडला तर मात्र बारात लंगडते म्हणे. आज कोणतं गाणं वाजवलंत, असं विचारलं की अण्णा म्हणतात, "माझ्याकडनं सगळी सारखीच दिसतात."

शहरातली सगळ्यात कडक चुप जागा मात्र आमच्या घरासमोर आहे. इथे दवाखाना नाही, देऊळ नाही, मी पेपर तपासत असतो त्याची कुणी पर्वा करत नाही. पण कोणताही बँड आमच्या कोपऱ्यावर आला की गपकन बंद होतो आणि पुढच्या वळणावर पुन्हा सुरू होतो. कारण अण्णांच्या बायकोचं, सुमनवहिनींचं, डोकं. त्यांना आवाज सोसत नाही, असं अण्णांनी सगळ्या बँडमास्तरांना सांगून ठेवलेलं. नवे लोक समजतात, इथे मोठा डॉक्टर असणार. दोनदा तापाने फणफणलेली पोरं घेऊन माणसं माझ्या दारात आली. मी गणिताचा प्राध्यापक असल्याचं सांगितलं, तर एक बाई म्हणाली, "कुछ तो देव साब." मी लिंबाचं सरबत दिलं.

यंदा लग्नसराई सुरू झाली आणि अण्णांचे वरचे पुढचे दात हलायला लागले. कोठी भागातल्या दंतवैद्याने सांगितलं, काढावे लागतील. पुढचे दात नसतील तर बाजा ओठांवर टेकायचा कशावर? अण्णांनी सराईपुरती मुदत मागून घेतली. "सराईतलं शेवटचं लग्न वाजवतो, मग काय ते उपटा," म्हणाले, आणि घरी येऊन दूधभात कालवून खाल्ला.

त्याच दुपारी वहिनी खाली आल्या. मी आपलं समजुतीचं बोलायचं म्हणून म्हणालो, "चला, तुमच्या डोक्याला तरी आराम."

"माझं डोकं कुठं दुखतंय?" वहिनी म्हणाल्या.

मग सगळं बाहेर आलं. लग्न होऊन महिना झाला नव्हता तेव्हा अण्णा बायकोला ऐकवायला बाजा घरी घेऊन आले. त्या दिवशी वहिनींचं डोकं दुखत होतं. त्या म्हणाल्या, "आज नक्को." अण्णांनी त्यातला 'नक्को' तेवढा ऐकला, बाजा उचलून बँडच्या दुकानात नेला आणि तो पुन्हा घरी आणला नाही. कुठल्या बारातीत वहिनी नुसत्या दिसल्या तरी ते बाजा खाली घेत.

"मग सांगायचं नाही का?" आमची ही म्हणाली.

"सांगणार होते हो. पण ते माझ्यासाठी अख्ख्या शहराला गप्प करत होते. आधी कौतुक वाटलं, मग लाज वाटायला लागली. इतक्या वर्षांनी काय म्हणू, उगाच केलंत म्हणून?" त्यांनी पदराने डोळे पुसले. "आता दातच जाणार. बँडवाल्याची बायको मी, आणि नवऱ्याचा बाजा एकदा ऐकला नाही."

मी म्हणालो, मी सांगतो अण्णांना. वहिनी म्हणाल्या, "नाही. माझं मी बघते."

ते शेवटचं लग्न आमच्याच रस्त्याने गेलं. मुहूर्त सकाळचा होता. बारात कोपऱ्यावर आली, बँडमास्तर उस्मानभाईंनी हात वर केला आणि बँड बंद पडला. अण्णांनी बाजा खाली घेतला आणि मान खाली घालून चालू लागले. नवरदेवाच्या घोड्यासकट सगळी मंडळी दवाखान्यासमोरून जावं तशी पाय न वाजवता चालली होती.

"अहो!"

वहिनी गॅलरीत उभ्या होत्या. एरवी त्या खिडक्या लावून आत असत. अण्णांनी दचकून वर पाहिलं.

"वाजवा," वहिनी म्हणाल्या.

अण्णा खालूनच, आजाऱ्याशी बोलावं तसे हळू म्हणाले, "अगं, डोकं..."

"माझं डोकं दुखत नाही! त्या दिवशी दुखत होतं, संध्याकाळी थांबलं!" हे त्या इतक्या मोठ्यांदा म्हणाल्या की समोरच्या दुकानदारांनी माना बाहेर काढल्या. "मला ऐकायचंय. वाजवा."

अण्णा उभेच राहिले. त्यांना हे सगळं पोचायला वेळ लागला. क्लॅरिनेटवाल्याने क्लॅरिनेट तोंडाला लावलं, पण उस्मानभाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम नक्को मियां. भाभी अण्णा को बोल रैं."

अण्णांनी बाजा उचलला आणि वाजवायला लागले. भों. भों-भों. भों. त्यात चाल नव्हती, गाणं नव्हतं. म्हशीने गोठ्यातून हाक मारावी तसला आवाज भर रस्त्यात एकटा. नवऱ्यामुलाचे मित्र हसायला लागले. घोड्याने कान मागे घेतले. अण्णांना याचं काही नव्हतं. ते आपला वाटा अगदी रीतीने वाजवत होते. मध्ये जिथे नुसती क्लॅरिनेटं वाजायची, तिथे बाजा छातीशी धरून मुकाट्याने पायाने ताल मोजत थांबत आणि आपली पाळी आली की पुन्हा भों करत. वहिनी दोन्ही हातांनी कठडा धरून ऐकत होत्या. ते थांबत तेव्हाही ऐकत होत्या. पुढे पुढे हसणारेही हसायचे राहिले. मला गहिवरून आलं, आणि गणिताच्या माणसाला ते शोभत नाही म्हणून मी घोड्याकडे पाहत राहिलो.

गाणं संपलं असावं. अण्णांनी बाजा खाली घेतला, ओठ पुसले आणि कोरा कोट घातलेल्या मुलासारखे वर पाहू लागले.

"झालं?" वहिनींनी विचारलं.

"झालं," अण्णा म्हणाले. "माझं एवढंच असतं."

मुहूर्त टळत आला होता. मुलीकडची माणसं कार्यालयातून धावत बघायला आली होती. उस्मानभाईंनी घोडेवाल्याकडून लगाम स्वतःच्या हातात घेतला आणि घोडा जागीच धरून ठेवला.

"परत वाजवा," वहिनी म्हणाल्या.