उष्णतास्रोत क्रमांक एक

आमच्या इमारतीत पाळीव प्राण्यांना थंडीपासून वाचवण्यासाठी उपसमिती नेमली गेली, त्या दिवसापर्यंत इमारतीतला एकही प्राणी कुडकुडत नव्हता. हे मी नोंदी पाहून सांगते आहे. नोंदी माझ्याच हातच्या आहेत.

तिसऱ्या मजल्यावर निवृत्त पोस्टमनकाका मुलगा-सुनेबरोबर राहतात. त्यांच्या कुत्र्याला सगळे ‘साहेब’ म्हणतात, कारण समोर कुणीही येऊन उभं राहिलं तरी तो जागचा उठत नाही. वय चौदा, वजन चौतीस किलो, मागचे दोन्ही पाय अधू. जिना त्याला चढवत नाही, लिफ्टमध्ये प्राण्यांना बंदी आहे आणि उचलून न्यायचं म्हटलं की काकांच्या मुलाची कंबर धरते. म्हणून साहेब जिन्याखालच्या पंपाच्या खोलीत झोपायचा. मोटर दिवसातून चारदा चालते, त्यामुळे खोली उबदार असते. तीन हिवाळे त्याने तिथे पोत्यावर सुखात काढले. याबद्दल कुठलाही ठराव झालेला नव्हता, त्यामुळे कुणाची तक्रारही नव्हती.

यंदा नगरपालिकेचं पत्रक आलं. हिवाळ्यात प्राण्यांची उत्तम व्यवस्था ठेवणाऱ्या इमारतीला पितळी पाटी मिळणार होती. अध्यक्षबाईंनी दाराशेजारची भिंत त्याच दिवशी पुसून घेतली. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, म्हणजे घरी थर्मामीटर असणारच, या तर्काने मलाही उपसमितीत घेतलं.

पहिल्याच पाहणीत सचिवांनी पंपाची खोली उघडली.

“विजेची मोटर, ओल आणि जिवंत कुत्रा,” ते म्हणाले. “तिन्ही एका खोलीत.”

“तीन वर्षं आहेत की,” पोस्टमनकाका म्हणाले.

“तीन वर्षं आम्हाला माहीत नव्हतं, काका. आता माहीत झालंय. म्हणजे जबाबदारी आली.”

जबाबदारी आल्यामुळे खोलीला कुलूप लागलं. कुत्र्याच्या घराचे नमुने मागवण्याचं ठरलं, आणि ते येईपर्यंत साहेबाला पार्किंगमध्ये दोन मोटारींच्या मधे हलवण्यात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्याच्याखालच्या फरशीचं तापमान सहा पूर्णांक चार दशांश भरलं. साहेबाचे कान थरथरत होते. मी दोन्ही गोष्टी लिहून दिल्या.

“हे कुठलं तापमान?” सचिवांनी विचारलं.

“कुत्र्याखालचं.”

“तिथे कशाला मोजायला गेलात, मॅडम? तिथे थंडी असणारच. अधिकृत तापमापक ऑफिसात आहे. बाहेर लावला तर चोरीला जाईल.”

ऑफिसात हीटर होता. अधिकृत तापमापक चोवीस दाखवत होता. माझा मान राखण्यासाठी सचिवांनी दोन्ही आकड्यांची सरासरी काढली. पंधरा पूर्णांक दोन. पत्रकानुसार पंधराच्या वरचं तापमान ‘सुसह्य’ होतं. साहेबाला तसं कळवण्याची सोय नव्हती.

त्या संध्याकाळी पोस्टमनकाका गादी काखेत मारून खाली आले आणि साहेबाच्या पाठीला पाठ लावून आडवे झाले. सचिव धावत आले. पार्किंगमध्ये माणसाने झोपायला मनाई आहे.

“मग याला लिफ्टने वर न्या,” काका म्हणाले.

“त्यालाही मनाई आहे.”

“मग मी इथेच बरा. माझी मनाई एकच आहे, त्याच्या दोन.”

अध्यक्षबाईंनी मला बाजूला घेतलं. “माणसाच्या अंगातून किती ऊब निघते हो?”

सरळ प्रश्न होता, मी सरळ उत्तर दिलं. नुसत्या पडून राहिलेल्या माणसातून साधारण ऐंशी वॅट. आकडा बरोबर होता. तो कुणाला सांगायचा, हे माझ्या विषयात शिकवत नाहीत.

सचिवांनी लगेच नगरपालिकेचा अर्ज काढला. उष्णतेचं साधन: आहे. वीज लागते का: नाही. आगीचा धोका: नाही. आवाज: किरकोळ, घोरण्याचा. अशा रीतीने पोस्टमनकाका उष्णतास्रोत क्रमांक एक झाले, आणि साधनांना पार्किंगमध्ये मनाई नव्हती. शेवटच्या ओळीत साधनाच्या मालकाची सही हवी होती. मुलाला बोलावलं.

त्याने अर्ज दोनदा वाचला. “यात बाबांचे हाल नाही ना होणार?”

“उलट देखभाल आमच्याकडे,” सचिव म्हणाले. “रोज दोनदा तपासणी. साधन गार पडलं तर गरम दूध.”

“साखर कमी घाला,” म्हणत मुलाने सही केली.

साधन चालू स्थितीत ठेवणं उपसमितीवर बंधनकारक होतं. म्हणून जाड गादी आली, तीन बाजूंनी ताडपत्री आली, गरम पाण्याची पिशवी आणि कानटोपी आली. सकाळी सात आणि संध्याकाळी सातला मी रजिस्टर घेऊन जायची आणि छापील प्रश्न विचारायची. झोप लागली का? भूक आहे का? खोकला? काही दुखतंय? साहेबाच्या पोटाशी आता सत्तावीस अंश होते. तो काकांच्या नडगीवर हनुवटी टेकून पडलेला असायचा.

“आणखी काही नोंद?” मी एकदा विचारलं.

“लिहा, काल कोपर दुखत होतं,” काका म्हणाले. “आणि आज कुणीतरी विचारलं म्हणून थांबलं.”

पुढच्या सोमवारी दुसऱ्या मजल्यावरच्या आजी अर्ज घेऊन ऑफिसात आल्या. त्यांच्या सुनेचा झुबकेदार केसांचा कुत्रा चार स्वेटर बाळगून असतो.

“तुमच्या कुत्र्याला गरज नाही, आजी,” सचिव म्हणाले.

“मग गरज असलेला एखादा द्या की. मी गरम आहे, हात लावून बघा.”

आठवड्यात सतरा अर्ज आले. एका आजोबांनी सोबत ताप आल्याचा जुना दाखला जोडला होता. इमारतीत थंडी वाजणारा कुत्रा मात्र एकच.

मुलं-सुना चिडल्या. सर्वसाधारण सभा भरली. काकांच्या मुलाने उभं राहून शहाणपणाचा मुद्दा मांडला. पंपाची खोली उघडा, साहेब आत जाईल, बाबा वर येतील, विषय संपेल. सभेत पहिल्यांदाच सगळ्या माना एकाच दिशेने हलल्या, कारण मुद्दा पटण्यासारखा होता.

“अजिबात नाही,” पोस्टमनकाका म्हणाले. “मोटर, ओल आणि जिवंत कुत्रा. आता मला माहीत झालंय.”

“पण यांना घरी कमी काय आहे?” आजींची सून म्हणाली. “स्वतंत्र खोली आहे, हीटर आहे, टीव्ही आहे.”

“सगळं आहे गं,” आजी म्हणाल्या. “दारसुद्धा आहे. लोटलेलं असतं.”

सचिवांनी खुलासा केला, की घरातली व्यवस्था उपसमितीच्या कक्षेत येत नाही. घरांसाठी नगरपालिकेचं पत्रकच आलेलं नाही. सबब योजना चालू राहील, पोस्टमनकाका जागेवर राहतील, उरलेल्यांची नावं प्रतीक्षायादीत जातील. थंडी वाजणारे आणखी सतरा कुत्रे मिळावेत, अशी मागणी त्याच दिवशी नगरपालिकेला रवाना झाली.

साहेबाचं बरं चाललं आहे. काल सकाळी अठ्ठावीस होते. काका घोरत होते, म्हणून प्रश्न उशिरा विचारले.

मी वर आमच्या घरी आले तेव्हा जेवणाच्या टेबलावर अठरावा अर्ज होता. अक्षर माझ्या आईचं. वय एक्याऐंशी, आवाज नाही, आगीचा धोका नाही. मालकाच्या सहीची जागा कोरी. मी रोज दोनदा ज्या दारावरून रजिस्टर घेऊन खाली जात होते, ते दार तिच्या खोलीचं आहे. आत बावीस अंश असतात, हे मला न बघता माहीत होतं.

या अर्जाच्या कोऱ्या प्रती आता सगळीकडे गेल्या आहेत, त्यामुळे तुमच्या घरातही एखादा अर्ज भरून तयार असेल. उशीखाली किंवा औषधांच्या डब्यात बघा. सही करायची घाई नको. आधी छापील प्रश्न विचारायचे असतात, आणि उत्तर संपेपर्यंत तिथेच बसायचं असतं. थर्मामीटर लागला तर माझ्याकडून न्या. बसायला माणूस मात्र उपसमिती पुरवत नाही.